सण सोडले, मुलांच्या हाती काय दिले?



तान्ह्या पोळ्याची सकाळ डोळ्यांपुढे आणा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या कोणत्याही गावात त्या दिवशी मुलांचे राज्य असते. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा होऊन गेलेला असतो. आज पोरे चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांच्या हातावर बोजारा म्हणून चार पैसे, थोडा खाऊ पडतो. अशाच एका सकाळी बौद्ध वस्तीतल्या एका दारात सहा वर्षांचा मुलगा उभा होता. आपल्या वर्गातली पोरे नंदी ओढत चाललेली तो पाहत होता. त्याने बापाला विचारले, "बाबा, आपल्याकडे नंदी का नाही?" बाप म्हणाला, "आपण बौद्ध आहोत. आपल्यात ते नसते." मुलाने लगेच दुसरा प्रश्न केला, "मग आपल्यात काय असते?"

बाप गप्प राहिला. तो बाप मीच होतो. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

आपण काय सोडले हे आपल्याला पाठ आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते तेव्हाच्या चांद्याला, म्हणजे आपल्या चंद्रपूरला आले आणि येथेही त्यांनी आपल्या लोकांना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या गावाला तो मान मिळाला. कित्येक घरांनी त्या काळात देव्हाऱ्यातले टाक उचलले आणि नदीत, विहिरीत सोडून दिले. हे साधे धैर्य नव्हते. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या भीतीत काढल्या, ते देव पाण्यात टाकताना माणसाचा हात थरथरला नसेल काय? तरीही त्यांनी ते केले.

पण त्यानंतर दोन महिने पुरे होण्याआधीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आपल्यातून गेले. त्यांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, पूजापाठ दिला, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ दिला, जो त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. परंतु प्रत्येक घराच्या चुलीजवळ बसून, वर्षाचे बारा महिने कसे घालवायचे हे सांगायला ते राहिले नाहीत. ते काम आपले होते. ज्या घरात आज्याने दीक्षा घेतली त्या घराचे ते काम होते, आणि ज्या घराने गेल्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा म्हटल्या त्या घराचेही ते आहे. ते आपण किती केले?

रिकामी जागा रिकामी राहत नाही

माझ्या आईची गोष्ट सांगतो. आमच्या घरातले सगळे देव गेले होते. निदान आम्ही पुरुष तसे समजत होतो. एका पावसाळ्यात धाकट्या भावाला ताप भरला. नाल्याला पूर, वाट बंद, दवाखाना दूर. रात्री मला जाग आली तेव्हा आई धानाच्या कोठीजवळ बसलेली दिसली. कोठीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेला एक टाक तिने काढला होता आणि त्याच्यापुढे दिवा लावला होता. सकाळी वडील तिच्यावर फार रागावले. "दीक्षा घेतलीस ना?" ते ओरडले. आई काहीच बोलली नाही.

आज मला वाटते, दोष तिचा नव्हता. आम्ही तिच्या हातून देव काढून घेतला. पण भीतीच्या रात्री धरायला दुसरे काय दिले? विहारात पुरुष बसत. भाषणे पुरुष देत. ग्रंथ पुरुष वाचत. ती मागे बसून भाकरीची वेळ मोजत असे. तिला कोणी समजावले नव्हते, आणि तिला काय वाटते हे कोणी विचारलेही नव्हते. मन रिकामे केले आणि भरले नाही, तर जुने पुन्हा तेथे येऊन बसते. आजारपणात येते, मुलीच्या लग्नात येते, आणि सणाच्या दिवशी तर हमखास येते. कारण सणाच्या दिवशी गाव वाजतगाजत असते आणि आपले घर मुके असते.

म्हणून प्रश्न केवळ पोळ्याचा किंवा दिवाळीचा नाही. प्रश्न असा आहे: धम्म घेतलेल्या घराने सण करावा काय? आणि करावा तर कोणता, कसा?

भगवंतांनी शृंगालाला काय सांगितले?

या प्रश्नाला भगवान बुद्धांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. राजगृहात एका सकाळी भगवंतांनी शृंगाल नावाच्या तरुणाला पाहिले. ओले केस, ओली वस्त्रे, आणि तो हात जोडून पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत होता. का करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला की मरताना वडिलांनी तसे सांगितले होते. म्हणजे ती त्याच्या घरची परंपराच होती. त्यात वडिलांचे प्रेम होते. कारण मात्र त्याला ठाऊक नव्हते.

भगवंतांनी त्याची टर उडवली नाही. ते त्याच्या बापाला मूर्ख म्हणाले नाहीत. 'चालू दे, वडिलांची इच्छा आहे' असेही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला सहा दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे कामकरी, आणि वरची म्हणजे सत्पुरुष. या सहा नात्यांत आपले कर्तव्य करणे हाच दिशांना नमस्कार. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहस्थांचा विनय म्हणून हीच शिकवण घेतली आहे.

यातला धडा नीट लक्षात घ्या. परंपरा बापाची आहे एवढ्याने ती खरी ठरत नाही आणि एवढ्याने ती खोटीही ठरत नाही. तिला विचारायचे असते: तू माणसाला माणसाशी कसे वागायला शिकवतेस?

सम्राट अशोकानेही हीच दृष्टी ठेवली. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ थोडे असते, असे त्याने आपल्या नवव्या शिलालेखात कोरले. आणि मोठे फळ देणारे धम्ममंगल कोणते तेही सांगितले: दास व नोकरांशी नीट वागणे, गुरूंचा आदर, प्राण्यांविषयी संयम, आणि दान. पहिल्याच शिलालेखात त्याने 'समाज' म्हणजे जत्रा-उत्सव यांत दोष दाखवले. पण काही समाज चांगलेही असतात, हेही तेथेच म्हटले. सगळे जाळा असे तो म्हणाला नाही, सगळे ठेवा असेही म्हणाला नाही. त्याने निवड करायला सांगितले.

हे सारे दूर मगधात घडले असे समजू नका. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या शिळेवर प्राचीन ब्राह्मी लिपीत, प्राणी पकडू नयेत व मारू नयेत अशा अर्थाची आज्ञा कोरलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा संबंध अशोकाच्या काळाशी जोडला. भद्रावतीला विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूप उजेडात आले. तेव्हा धम्म आपल्याकडे १९५६ साली बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. तो या झाडीतला जुना रहिवासी आहे, घरी परत आलेला. मुलांना एखाद्या सुटीत विजासनला न्या आणि हे त्यांना त्या खडकाला हात लावून सांगा.

तीन प्रश्नांची चाळणी

कोणताही सण घरात घेण्यापूर्वी मी आता तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून पाहा.

पहिला प्रश्न: मुलाने 'का?' विचारले तर भीती न घालता उत्तर देता येते काय? 'नाही केले तर कोप होईल' हे उत्तर असेल, तर तो सण गुलामीचा आहे.

दुसरा प्रश्न: या सणात दाराबाहेर कोण राहतो? संक्रांतीला तीळगूळ वाटण्यात वाईट काय आहे, असे आपल्या भगिनी विचारतात. तीळगुळात काहीच वाईट नाही. पण त्याच दिवसाच्या हळदीकुंकवाला विधवा बहिणीला बोलावतात काय? आणि आत बोलावलेल्या बाईलाही त्या दिवशी चुलीपुढून उठायला मिळते काय? जो सण एका बाईला अशुभ ठरवतो आणि दुसरीला दिवसभर धुरात ठेवतो, तो समतेचा सण होऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न: दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय उरते? कर्ज, दारूचा वास आणि कापलेल्या कोंबड्याची पिसे उरत असतील तर तो आनंद कुणाचा होता? सावकाराचा आणि भट्टीवाल्याचा.

या चाळणीतून पोळा काढून पाहू. बैलाला देव मानून त्याची पूजा करणे आपण सोडले, ते बरोबरच. आणि खरे सांगायचे तर आपल्या कित्येक आज्यांकडे बैल नव्हताच. ज्याच्या गोठ्यातले शेण काढले, त्याच्या बैलाची मिरवणूक त्यांनी लांबून पाहिली. परंतु ज्याने चिखलात बांध्या तुडवल्या त्या मुक्या प्राण्याला एक दिवस विश्रांती द्यावी, त्याचे खांदे शेकावे, त्याला पोटभर चारावे, यात अधम्म कोठे आहे? सुत्तनिपातात गाईगुरांना आईबाप, भाऊ, आप्त यांच्यासारखे म्हटले आहे, कारण ती अन्न आणि बळ देतात. प्राणिमात्रावर दया ही तर आपली प्रतिज्ञाच आहे. तेव्हा नारळ नको, आरती नको, मंत्र नको. पण ज्याच्या घरी बैल आहे त्याने त्या दिवशी मुलाला सोबत घेऊन बैलाची सेवा करावी. ज्याच्या घरी बैल नाही त्याने मुलाला हाताने मातीचा बैल करायला शिकवावे आणि सांगावे: कष्ट करणाऱ्याचे उपकार विसरायचे नाहीत. मग ते बैलाचे असोत की शेतमजुराचे.

गणपती-गौरीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे प्रतिज्ञा स्पष्ट आहे. चाळणीची गरजच नाही.

होळीत लाकडे जाळून, शिव्या देऊन, मोहाची दारू पिऊन काय साधते? पण फाल्गुनात आपल्या जंगलात पळस फुलतो. त्याची फुले वेचून, उकळून मुलांनी एकमेकांवर रंग उडवला तर तो ऋतूचा आनंद आहे. त्यात कोणाचा देव नाही आणि कोणाचे दहन नाही. त्याच सुमारास मोहफुले पडू लागतात. पहाटे मोह वेचायला मुले येतातच. त्यांना तेथेच सांगा: हेच फूल वाळवून खाल्ले तर अन्न, सडवून प्यायले तर घराचा नाश. दारूविरुद्धच्या प्रतिज्ञेवर याहून चांगले प्रवचन कोणते?

एक इशारा येथे दिला पाहिजे. काही बंधू जुना सण घरात ठेवण्यासाठी त्याला नवा इतिहास चिकटवतात. दिवाळी अमुक सम्राटाने सुरू केली, तमुक सण मुळात बौद्धच होता, असे पुराव्यावाचून सांगतात. हे करू नका. खोटे न बोलणे ही आपली प्रतिज्ञा आहे आणि ती सणाच्या दिवशी स्थगित होत नाही. हलके धान घरात आले आहे, नव्या तांदळाचा वास सुटला आहे, म्हणून आम्ही गोड खातो आणि अंगणात दिवा लावतो, एवढे खरे कारण पुरेसे आहे. खरे कारण असताना खोट्या इतिहासाची भीक कशाला मागायची?

आपले वर्ष, आपले ऋतू

आता तुम्ही म्हणाल, जुन्याचा हिशोब झाला. आपले स्वतःचे काय? बंधुभगिनींनो, आपले वर्ष भरलेले आहे. फक्त ते विहाराच्या फलकावर राहिले आहे. ते घरात आणायचे आहे. कारण घर हीच मुलाची पहिली शाळा. शहरातल्या मुलाला विहार जवळ आहे, वाचनालय आहे. भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटेला आणि नाल्यांना पूर येतो तेव्हा मास्तर येऊ शकत नाहीत आणि भन्तेही येऊ शकत नाहीत. तेव्हा आई हीच शिक्षिका आणि बाप हाच उपदेशक.

वैशाख पौर्णिमा येते ती तेंदूपत्त्याच्या हंगामात. आपली अर्धी माणसे पहाटे तीनला उठून जंगलात जातात. दिवसा वंदना कशी होणार? मग संध्याकाळी करा. दारात बसून सारे घर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. तेथेच मुलांना मोजणी शिकवा आणि तेथेच सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट सांगा. खिरीला दूध मिळाले तर उत्तम; न मिळाले तर गुळाच्या पाण्यात शिजवलेला भातही चालतो. उन्हातून येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दारात पाण्याचा माठ ठेवा आणि पाणी देण्याचे काम मुलाकडे सोपवा. ज्यांच्या आज्याला पाण्यासाठी लांब उभे राहावे लागले, त्यांच्या नातवाने सर्वांना पाणी पाजावे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा अर्थ त्याला त्या माठाजवळ कळेल.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. भिक्खू पावसात एका ठिकाणी का थांबतात? लोकांनी तक्रार केली की पावसात फिरताना हिरवे गवत तुडवले जाते, लहान जीव मरतात. भगवंतांनी ती तक्रार ऐकली आणि नियम केला. आपल्याकडे त्याच वेळी रोवणी चालू असते. चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या आईला हिरव्या रोपाची किंमत कोणी सांगायला नको. तिला सांगा की हा नियम तुझ्यासारख्यांच्या शेतासाठी झाला. मग वर्षावास तिला परका वाटणार नाही.

या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन होते. ते घरातही व्हावे. पण वाचणारा बाप नको. वाचणारे मूल असावे. चौथी-पाचवीतल्या मुलीने रोज रात्री एक पान मोठ्याने वाचावे. रोवणीहून कंबर धरून आलेल्या आईने पाय पसरून ऐकावे. तिला शब्द अडला तर तिने विचारावा. मुलीला अडला तर मुलीने विचारावा. दोघींना अडला तर तो कागदावर लिहून ठेवावा आणि पुढच्या रविवारी विहारात विचारावा. तीन महिन्यांत नव्वद पाने होतील. माझ्या आईला असे कोणी वाचून दाखवले असते, तर ती रात्र तिने कदाचित वेगळी काढली असती.

अशोक विजयादशमीला नागपूर आणि १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी. जमेल त्या वर्षी सगळ्यांना घेऊन जा. शिदोरी बांधा, म्हाताऱ्यांना न्या, आणि परतताना मुलाच्या हातात एक तरी पुस्तक असू द्या. ६ डिसेंबर हा सण नाही, हे मुलांना नीट सांगा. भारी धानाची कापणी-मळणी त्या सुमारास चाललेली असते. कामावरून आल्यावर मेणबत्ती लावून पाच मिनिटे सारे घर गप्प बसले तरी पुरे. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी घरातल्या मुलीने पाटीवर आजीला स्वतःचे नाव लिहायला शिकवावे. चौदा एप्रिलला जयंती. मिरवणुकीचा आनंद जरूर घ्या. पण कानठळ्या बसवणाऱ्या वाद्यांवर हजारो रुपये उडवून घरातल्या मुलाला वह्या घ्यायला पैसे नसतील, तर बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहण्याचे धैर्य आपल्याला कसे होईल? विभूतिपूजेविरुद्ध त्यांनीच आपल्याला बजावले होते.

अश्विन पौर्णिमेची गोष्ट

वर्षातला एक दिवस मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी भिक्खू पवारणा करतात. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे हात जोडून विनंती करतो: माझ्यात काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. जगातल्या कोणत्या धर्मोत्सवात ज्येष्ठ माणूस कनिष्ठापुढे असे म्हणतो, ते शोधून पाहा.

हा दिवस आपण घरात पाळला तर? सायंकाळी वंदना झाली की बापाने सर्वांत आधी हात जोडावे आणि पत्नीला, मुलांना म्हणावे, "या वर्षी माझे काय चुकले ते सांगा." मग आईने म्हणावे. मग मुलांनी. उत्तर देताना ओरडायचे नाही, आणि ऐकताना रागवायचे नाही.

आमच्या घरी पहिल्यांदा हे केले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही विहारात समतेवर बोलता आणि घरी आल्यावर आईला पाण्याचा लोटा मागता. माठ तर तुमच्याजवळच असतो." मला राग आला. खोटे सांगत नाही, फार राग आला. पण हात जोडलेले होते. जोडलेल्या हाताने मारता येत नाही आणि बोट दाखवता येत नाही. त्या रात्रीपासून मी माझे पाणी स्वतः घेतो. हे लहान काम आहे, पण माझ्या घरात धम्मचक्र एक आरा पुढे गेले ते त्या लोट्याने.

लक्षात घ्या, या सणाला पैसा लागत नाही. भटजी लागत नाही, मांडव लागत नाही. फक्त अहंकार लागतो, खाली ठेवण्यासाठी.

शेजाऱ्याचे काय?

आपली वस्ती जंगलात एकटी नाही. शेजारी कुणबी आहे, तेली आहे, गोंड-माडिया बांधव आहेत. त्यांचे सण चालू असताना आपण तोंड फिरवून बसावे काय? दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात. ती कला आपलीही आहे. जा, मुलांना न्या. दारूच्या आणि जुगाराच्या बाजूला मात्र वळू नका. शेजाऱ्याने प्रेमाने ताट आणले तर अन्न म्हणून घ्या, आभार माना. त्याच्या देवापुढे हात मात्र जोडू नका, आणि का जोडत नाही ते मुलाला घरी आल्यावर शांतपणे सांगा. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाची हानी करतो, असे अशोकाने बाराव्या शिलालेखात सांगितले आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वैशाख पौर्णिमेला आपली खीर घेऊन त्याच शेजाऱ्याच्या दारात जा. तो ती घेतो काय, आणि घेतली तर खातो काय, ते पाहा. खात असेल तर दोन घरांत खरा सण झाला. नसेल खात, तर मुलापासून ते लपवू नका. भांडूही नका. पुढच्या वर्षी पुन्हा न्या. आपल्या घरचे अन्न शुद्ध आहे हे मुलाला आपल्या वागण्यातून कळू द्या. न खाणाऱ्याचे मन बदलायला वेळ लागेल. आपल्या मुलाची मान मात्र आजच ताठ राहिली पाहिजे.

काही बंधू म्हणतात, थोडे जुने चालू द्या, मुलांची हौस आहे. मी त्यांना नम्रपणे विचारतो: भन्ते येणार म्हटल्यावर पेटीत लपवावे लागते ते हौस कसे? मूल ते लपवणे पाहते. त्यातून ते बौद्धही होत नाही आणि हिंदूही राहत नाही. ते फक्त लपवायला शिकते. याहून वाईट संस्कार दुसरा नाही. दुसरे काही बंधू म्हणतात, बौद्धाला सण कशाला, धम्म तर बुद्धीचा आहे. होय, धम्म बुद्धीचा आहे. पण सहा वर्षांच्या मुलाची बुद्धी त्याच्या हातात आणि जिभेवर असते. खिरीची चव आधी, प्रतीत्यसमुत्पाद नंतर.

त्या दारातल्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मला उत्तर सापडायला वर्ष गेले. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे नाल्यावर गेलो, चिकणमाती आणली आणि बैलजोडी केली. एका बैलाचे शिंग मोडले. त्याने विचारले, "याची पूजा करायची?" मी म्हणालो, "नाही." "मग?" मी म्हणालो, "उद्या मोठ्या वाड्यावर राबणाऱ्या गड्याला आपण आपल्या घरी जेवायला बोलावू. पोळा बैलाचा होतो, त्याचा होत नाही." गडी आला. जेवला. मुलाने स्वतः त्याला वाढले. रात्री झोपताना तो म्हणाला, "आपल्यात हे असते."

उपासक-उपासिकांनो, येत्या पौर्णिमेला तुमच्या दारातले मूल तोच प्रश्न विचारील. माझ्यासारखे गप्प राहू नका.

जय भीम!